पेढीच्या भिंतीवरील छबी

मांजरसुंब्याहून केजकडे निघालेल्या रस्त्यावर नेकनूर लागते. बीड तालुक्यातील हे बाजारपेठेचे गाव. आठवडी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांची माणसे येथे येतात आणि मोंढ्यापासून कापडदुकानापर्यंत सर्वांचे हात कामाला लागतात. अशा कोणत्याही गावातील जुन्या पेढीत पाऊल टाकले, की गादीच्या मागे भिंतीवर एक छबी दिसते. पेढी उभी करणाऱ्या आजोबांची किंवा पणजोबांची ती असते. चंदनाचा हार, खाली उदबत्तीचे घर, आणि दिवसाचा पहिला व्यवहार करण्यापूर्वी तिला जोडले जाणारे हात.

ती छबी जवळून पाहिली, तर पुष्कळदा एक गोष्ट ध्यानात येते. एखाद्या लग्नातील समूहचित्रातून तो चेहरा कापून मोठा केलेला असतो. डोळे पुसट झालेले असतात, खांद्यावर शेजारच्या माणसाचा हात उरलेला असतो. ज्या पुरुषाने आयुष्यभर दमडीदमडीचा हिशेब चोख ठेवला, त्याची एकही धड छबी हयातीत काढली गेली नव्हती, हे निधनानंतर घराला कळलेले असते.

आणि याच घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी ‘व्यक्तिचित्रे काढण्याचा व्यवसाय करायचा आहे’ असे म्हणू लागली, की त्याच छबीखाली बसून उत्तर मिळते: ‘छंद म्हणून ठीक आहे, पोट त्यावर भरत नाही.’ या उत्तरात काळजी असते, अनुभवही असतो. मात्र या व्यवसायाचा इतिहास तपासला, तर तो व्यापारी घरांना वाटतो तितका परका नाही.

भारतातील सर्वांत नामवंत छायाचित्रकारांपैकी एक, राजा दीनदयाळ, हे जैन होते. १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे जवाहिऱ्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन १८६६ मध्ये ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे व अंदाजपत्रके तयार करणे हे त्यांचे काम होते. कॅमेरा हाती आला तो नोकरीत असतानाच. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी त्यांना उत्तेजन दिले. वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्यांसमवेत प्रवास करून त्यांनी मध्य भारतातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे काढली. १८८५ मध्ये हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि १८८६ मध्ये सिकंदराबादेत त्यांचे चित्रालय सुरू झाले. १८९४ मध्ये निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. १८९६ मध्ये मुंबईतही शाखा निघाली.

नेकनूरच्या वाचकाला या कथेत आपुलकीचा एक धागा सापडतो. बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे ज्या दरबाराचे ते छायाचित्रकार होते, त्याच दरबाराचा हा मुलूख. या संस्थानातील दुष्काळी मदतकार्याची छायाचित्रेही त्यांच्या पेढीने काढली होती.

दीनदयाळ यांच्या यशात कलेचा वाटा मोठा होता, यात शंका नाही. परंतु जवाहिऱ्याच्या घरातील संस्कारही त्यात स्पष्ट दिसतात. पहिला संस्कार सावधपणाचा. त्यांनी पगाराची नोकरी पहिल्याच वर्षी सोडली नाही. हात बसला, नाव झाले, काम देणारी माणसे जोडली गेली, आणि मगच पूर्णवेळ व्यवसायाकडे ते वळले.

दुसरा संस्कार गिऱ्हाईक ओळखण्याचा. हैदराबादेतील उच्चकुलीन स्त्रिया पडदा पाळत. पुरुष छायाचित्रकारासमोर त्या येणे शक्य नव्हते. दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये तेथे केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रालय उघडले आणि त्याचा कारभार एका इंग्रज महिलेकडे सोपवला. गिऱ्हाईक नव्हते असे नाही. त्याच्या वाटेत अडसर होता. तो दूर करताच व्यवसायाचे नवे दालन उघडले.

तिसरा संस्कार नोंदीचा. त्यांच्या काचपट्ट्यांवर क्रमांक घातलेले असत आणि त्या जपून ठेवल्या जात. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ दशकांहून अधिक काळ लोटल्यावर, १९८९ मध्ये, दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या विकत घेतल्या. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या सन्मानार्थ तिकीट काढले. जपलेला माल पिढ्यांनंतरही मोल देतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मराठी माणसांत हीच सावध वाट गौतम राजाध्यक्ष यांच्या आयुष्यात दिसते. १९५० साली जन्मलेले राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे विद्यार्थी. मुंबईतील एका मोठ्या जाहिरात संस्थेत ते छायाचित्र विभागात नोकरी करीत होते. १९८० च्या सुमारास त्यांनी चित्रपट कलावंतांची व्यक्तिचित्रे काढण्यास आरंभ केला आणि १९८७ मध्ये नोकरी सोडून ते स्वतंत्र झाले. पुढे ‘चेहरे’ हे त्यांचे पुस्तक आले. २०११ मध्ये ते निवर्तले, तेव्हा व्यक्तिचित्र म्हटले की त्यांचे नाव ओठांवर येत असे. इंदूरचा दरबार आणि मुंबईची चित्रपटसृष्टी यांत शतकाचे अंतर; तरी नोकरीच्या आधाराने कला वाढवण्याची रीत एकच.

आता प्रश्न नेकनूरचा. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असलेला भ्रमणध्वनी असताना छायाचित्रकाराकडे कोण येणार? उत्तर पेढीच्या भिंतीवर आहे. घराघरांत हजारो छायाचित्रे साठली आहेत. परंतु आजी-आजोबांची, शांत बसून, योग्य प्रकाशात काढलेली आणि कागदावर उतरलेली एक छबी दुर्मीळ आहे. पडद्यातील स्त्रियांप्रमाणे हे गिऱ्हाईकही दुर्लक्षित आहे. वृद्धांना जिना चढवत नाही, बीडला जाणे होत नाही, आणि ‘या वयात फोटो कशाला’ असा संकोच असतो. जो छायाचित्रकार त्यांच्या घरी जाईल, अर्धा तास त्यांच्या जुन्या गोष्टी ऐकेल आणि मगच कॅमेरा उचलेल, त्याला काम कमी पडणार नाही.

त्यासाठी महागड्या दिव्यांनी आरंभ करण्याचे कारण नाही. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, ती उत्तरेकडील खिडकी पुरेशी आहे. माणसाला खिडकीच्या थोडे तिरपे बसवावे. सावलीच्या बाजूस पांढऱ्या कापडाचा तागा उभा धरला, की चेहऱ्यावरील काळोख सौम्य होतो. भ्रमणध्वनी जवळ नेऊन छायाचित्र काढले, तर नाक मोठे व कान लहान दिसतात. त्यासाठी थोडे दूर उभे राहून ८५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग वापरतात. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर असावा. चष्म्यावर चकाकी आली, तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलाव्यात. सुरकुत्या पुसू नयेत. त्या आयुष्याच्या जमाखर्चाच्या नोंदी आहेत, आणि सत्याचे व्रत सांगणाऱ्या घरांना खोटा चेहरा शोभत नाही.

कलेनंतर वहीखाते. नवा छायाचित्रकार बहुधा दरातच चुकतो. उदाहरणादाखल असे धरावे, की कॅमेरा, भिंगे, दिवे व संगणक यांवर तीन लाख रुपये लागले आणि हे साहित्य पाच वर्षे चालले. म्हणजे दरमहा पाच हजार रुपये केवळ घसाऱ्याचे. जागेचे भाडे व वीज सहा हजार, प्रवास, दूरध्वनी व दुरुस्ती पाच हजार, स्वतःच्या श्रमाचे वीस हजार. एकूण छत्तीस हजार. महिन्यात चोवीस कामे मिळाली, तर प्रत्येक कामाचे सरासरी पंधराशे रुपये यावयास हवेत. छपाई व चौकटीचा खर्च वेगळा. शेजारच्याचा दर पाहून आठशे रुपये घेतले, तर दरमहा सोळा हजार आठशेंचा तोटा होतो आणि तो कॅमेरा निकामी होईपर्यंत ध्यानातही येत नाही. किराणा दुकानात खरेदीच्या भावाखाली कोणी माल विकत नाही. श्रम व घसारा यांनाही खरेदीचा भाव असतो, एवढेच येथे शिकायचे आहे.

उधारीबाबतही तेच. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि उरलेली छबी हाती देताना. चातुर्मासात लग्नसराई थांबते, म्हणून सराईच्या मिळकतीतून त्या चार महिन्यांची तरतूद बाजूला ठेवावी. त्याच काळात पर्युषण येते, मासक्षमणासारख्या तपश्चर्यांचे पारणे होते, आणि तपस्वींच्या कुटुंबांना ती आठवण हवी असते. मात्र येथे मर्यादा ओळखावी. काही परंपरांत साधु-साध्वी छायाचित्र काढू देत नाहीत, काही ठिकाणी विजेचा झोत वर्ज्य असतो. आधी विचारणे हा या व्यवसायातील विनय आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्याचा पहिला प्रताधिकार त्या ग्राहकाचा असतो. म्हणून ग्राहकाचा चेहरा दुकानाच्या फलकावर किंवा जाहिरातीत लावण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी. अचौर्याचा अर्थ या व्यवसायात इतका सूक्ष्म आहे. दुसरी गोष्ट कराची. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल वीस लाखांपुढे गेली, की महाराष्ट्रात वस्तू व सेवा करासाठी नोंदणी करावी लागते. त्याआधीही ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क करता येते आणि बँकेच्या दारात ती उपयोगी पडते.

अहिंसेचा एक प्रश्न या कलेत आरंभापासून आहे आणि तो टाळू नये. दीनदयाळ यांच्या काळात बहुतेक छपाई अंड्यातील पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर होत असे. पुढे काचपट्ट्या, फिल्म आणि छपाईचा कागद यांवर जिलेटिनचा थर आला. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून बनते. संगणकीय कॅमेऱ्याने फिल्मची गरज संपवली, तरी रासायनिक प्रक्रियेच्या कागदावर तो थर आजही असतो. शाईच्या छपाईसाठी जिलेटिनरहित लेपाचे कागद मिळतात. ते पुरवठादाराला विचारून निवडता येतात. ज्या घरात ताटातील प्रत्येक पदार्थाचा विवेक होतो, त्या घरातील व्यावसायिकाने कागदाचाही विवेक करावा.

तेव्हा पालकांनी करायचे काय? नकार देऊ नये, आणि आंधळा होकारही देऊ नये. मुलाला किंवा मुलीला पेढीवर अर्धा दिवस काम द्यावे आणि उरलेला अर्धा दिवस कॅमेऱ्यासाठी मोकळा ठेवावा. येत्या दिवाळीच्या वहीपूजनात आणखी एक वही मांडावी, तिच्यावर त्याचे नाव घालावे आणि भांडवल म्हणून दिलेली रक्कम तिच्या पहिल्या पानावर नावे लिहावी. दोन वर्षांची मुदत असावी. त्या काळात प्रशंसा किती मिळाली हे पाहू नये. किती घरांनी दुसऱ्यांदा बोलावले हे पाहावे. दुसऱ्यांदा येणारे गिऱ्हाईक म्हणजे पत, आणि पतीवर उभा राहिलेला धंदा कोणता आहे याने काही बिघडत नाही. पत जमली नाही, तर मुले सन्मानाने गादीवर परततील, आणि तोटा किती झाला हे वहीत स्पष्ट लिहिलेले असेल.

त्या वहीतील पहिले काम मात्र घरातच आहे. आजोबा हयात असतील, तर त्यांना उद्या सकाळी उत्तरेच्या खिडकीपाशी बसवावे. त्यांची टोपी सरळ करावी, त्यांना पेढीचा पहिला दिवस आठवायला सांगावे. पुढे कधीतरी ती छबी भिंतीवर जाईल, तेव्हा खांद्यावर कोणाचा अर्धा हात नसेल आणि डोळे थेट गादीकडे पाहत असतील.