आधी ओळंबा, मग रंग

जुनी गाडी नवी करून घेतली की आपण पाहुण्यांना आधी काय दाखवतो? रंग. आमच्या मामांनीही तेच केले. त्यांची विलिज घराण्यातली जीप पाच महिने एका गॅरेजात होती. परत आली ती नवरीसारखी नटून. पण स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला की डावीकडे पळे. नवे टायर एका कडेने घासले. अलाइनमेंट तीनदा झाली. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने विचारले, "चासी मोजली होती का?" कोणीच मोजली नव्हती.

फियाट, अँबॅसिडरला स्वतंत्र चासी नव्हती. जीपचे तसे नाही. महिंद्रने १९४७ पासून ज्या जीप जुळवायला सुरुवात केली, त्यांचे सारे ओझे शिडीसारख्या पोलादी चौकटीवर असते. ती एकदा तिरकी झाली की वर कितीही लांबी भरा, खाली ती तिरकीच.

मोजायला परदेशी यंत्रच हवे असे नाही. सपाट फरशी आणि गवंड्याकडचे सामान पुरते. चौकट स्टँडवर समपातळीत ठेवावी, दोन्ही बाजूंच्या जोडीच्या भोकांतून ओळंबा सोडून फरशीवर खुणा कराव्यात आणि कर्ण मोजावेत. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतो. चौकट पुढे अरुंद असली तरी बिघडत नाही. दोन्ही बाजू सारख्या असल्या की कर्ण जुळतातच. मात्र पुढचा, मधला, मागचा भाग वेगवेगळा मोजावा. सूतभर फरक माफ. आमच्या जीपच्या पुढच्या भागात तो पाऊण इंच निघाला!

पीळ मात्र कर्णात दिसत नाही. त्यासाठी चौकटीवर पुढे-मागे दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवायच्या आणि सुतारासारखा एक डोळा मिटून बघायचे.

मला राग येतो तो गॅरेजवाल्यापेक्षा आपलाच. रंगाच्या चार हातांचे पैसे आपण हौसेने मोजतो. मोजमापाची अर्ध्या दिवसाची मजुरी मात्र 'कशाला?' म्हणून कापतो. त्याच गाडीत मग मुलाबाळांना बसवून घाट उतरतो. बॉडी वर चढण्यापूर्वी मालकाने कर्णांचे आकडे लिहून मागितलेच पाहिजेत. शोभायात्रेत बक्षीस देणाऱ्यांनीही जरा गाडीखाली वाकावे.

मामांची जीप पुन्हा उघडली आहे. बॉडी अंगणात ताडपत्रीखाली, चौकट मिस्त्रीकडे. रंग कुठला द्यायचा, असे मामी रोज विचारतात. मामा ऐकू न आल्यासारखे करतात.