अज्ञाताचा गुणाकार

विश्व एवढे अफाट आहे, तेव्हा पृथ्वीखेरीज अन्यत्र बुद्धिमान जीव असलेच पाहिजेत, हा युक्तिवाद सुशिक्षितांत आता सिद्धान्तासारखा उच्चारला जातो. त्याचा सारा दबदबा शून्यांच्या संख्येवर आहे. आकाशगंगेत १०० अब्जांहून अधिक तारे आहेत, हे खरेच. परंतु एखाद्या ताऱ्याभोवती बुद्धी उपजण्याची शक्यता परार्धात एक असेल, तर एवढे तारेही अपुरे पडतील. ती हजारात एक की परार्धात एक, हे ठरवू शकणारे एकही निरीक्षण उपलब्ध नाही.

फ्रँक ड्रेक यांचे १९६१ सालचे प्रसिद्ध समीकरण हे मुळात ग्रीन बँक येथील एका बैठकीतील चर्चेची रूपरेषा होते. त्यातील ग्रहांविषयीचे पद १९९५ नंतर बरेच उजळले. इतर ताऱ्यांभोवतीचे ५,०००हून अधिक ग्रह नोंदले गेले. जीवोत्पत्ती, बुद्धी आणि संस्कृतीचे आयुर्मान ही पदे मात्र होती तशीच अंधारात आहेत. अंदाजांचा गुणाकार अंदाजच राहतो, हे शाळकरी मुलालाही कळते. विद्वानांना त्याचा विसर पडावा, हे नवलच.

पृथ्वीवर जीव लवकर अवतरला, म्हणून तो सर्वत्र सहज अवतरत असावा, हा दुसरा आधार. पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे आणि जीवांच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात, हे मान्य. पण बुद्धी घडायला इतका प्रदीर्घ काळ लागत असेल, तर जेथे आरंभ लवकर झाला तेथेच हा प्रश्न विचारणारा जन्मणार. शिवाय जीव म्हणजे बुद्धी नव्हे. रेडिओची विद्या येथे जेमतेम सव्वाशे वर्षांची आहे.

‘कुणी आढळले नाही, म्हणजे कुणी नाहीच’ हा प्रतिपक्षही तितकाच उतावळा. जेसन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या हिशेबानुसार आजवरचा शोध महासागरांपुढे पोहण्याच्या लहानशा तलावाएवढा आहे.

हा वाद केवळ तर्कशास्त्राचा नाही. कोकोनी आणि मॉरिसन यांनी १९५९ साली रेडिओ-शोधाची कल्पना मांडताना यशाची संभाव्यता अजमावणे कठीण असल्याचे स्वच्छ सांगितले होते. तो संयम पुढे सुटला आणि आशेवर आकड्यांची झूल चढली. नासाने ऑक्टोबर १९९२ मध्ये आरंभलेला शोध अमेरिकी संसदेने १९९३ मध्ये निधी तोडून थांबवला. मंगळवासीयांच्या नावाने थट्टा करणाऱ्या सिनेटरला ती संभाव्यता ठाऊक नव्हती. शोधाच्या पुरस्कर्त्यांनाही नव्हती. तिचा काही अदमास देऊ शकणारी उपकरणे मात्र वर्षभरातच बंद झाली.