इनसोल हवा कुणाला, विकला जातो कुणाला

टाच दुखते म्हणून आलेल्या माणसाला काचेवर उभे करायचे, पडद्यावर त्याच्या तळव्याचा लाल-पिवळा-निळा नकाशा दाखवायचा आणि ‘खास तुमच्या पायाच्या मापाचा’ इनसोल बनवून द्यायचा, हा व्यवसाय मोठ्या शहरांत आता चांगलाच रुळला आहे. ही सरसकट फसवणूक आहे, असे मला म्हणायचे नाही. यंत्र खोटे बोलत नाही. ते दाब कुठे पडतो एवढेच सांगते. पण उभ्या माणसाच्या टाचेखाली दाब जास्त असणारच, त्यामुळे धडधाकट माणसाचाही नकाशा तिथे लाल दिसतो. त्या लाल रंगाला आजार समजून हजारो रुपये मोजले जातात, तिथे माझा आक्षेप सुरू होतो. मापाचा इनसोल ही चांगली वस्तू आहे, फक्त आपल्याकडे ती बहुतेक वेळा चुकीच्या पायाखाली जाते.

सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत कळ येते, चार पावले चालल्यावर ती ओसरते. तळव्याखालच्या जाड पट्ट्याचे, म्हणजे प्लांटार फॅशियाचे, हे दुखणे बहुतांश लोकांत वर्षभरात कमी होते. अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा 236 रुग्णांचे पाच गट केले होते. पोटरीचे आणि तळव्याचे ताण देणारे व्यायाम सर्वांनाच सांगितले होते. चार गटांना शिवाय वेगवेगळे इनसोल दिले. आठ आठवड्यांनी तयार सिलिकॉनचा टाचपॅड वापरणाऱ्यांपैकी 95 टक्क्यांना बरे वाटत होते, नुसता व्यायाम करणाऱ्यांपैकी 72 टक्क्यांना, आणि मापाचा कडक इनसोल वापरणाऱ्यांपैकी 68 टक्क्यांना. ऑस्ट्रेलियातल्या 2006 च्या चाचणीत 135 जणांपैकी काहींना मापाचा, काहींना तयार आणि काहींना नावापुरता पातळ फोमचा इनसोल दिला गेला. तिसऱ्या महिन्यात पहिल्या दोन्ही गटांचे चालणे-फिरणे थोडे सुधारलेले होते, तेही जवळपास सारखेच. वर्ष संपताना तिन्ही गटांत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता.

यावर उत्तर येते की तेव्हाचे प्लास्टिक कडक होते, आता स्कॅनर आणि साहित्य दोन्ही सुधारले. मुद्दा रास्त आहे. पण 2018 साली उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हाही टाचदुखीत मापाचा इनसोल तयार इनसोलपेक्षा सरस ठरला नाही. ‘मला तर गुण आला’ हा अनुभव खोटा नसतो. मात्र तो इनसोलमुळे आला, व्यायामामुळे की नुसत्या काळामुळे, हे एका पायावरून कळत नाही. म्हणून साध्या टाचदुखीत आधी व्यायाम, बऱ्या टाचेचे जोडे आणि औषधांच्या दुकानातला टाचपॅड, हा क्रम शहाणपणाचा. त्याने भागले नाही, तळव्याची कमान फारच उंच असून दुखत असेल किंवा संधिवाताने टाच धरली असेल, तर मापाच्या इनसोलला खरा आधार आहे. तो मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या तज्ज्ञाकडून घ्यावा.

मुलांच्या सपाट तळव्यांबद्दल तर घाबरण्याचे कारण आणखी कमी. लहानपणी कमान न दिसणे स्वाभाविक आहे. तळवा न दुखणाऱ्या, लवचिक सपाट पायांच्या मुलांना तीन वर्षे खास बूट आणि इनसोल घालूनही कमान वेगळी घडली नाही, हे 1989 मध्येच दिसले होते. आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या डॉक्टरांनी सुमारे 2300 मुलांचे पाय तपासून 1992 मध्ये मांडलेले निष्कर्ष याहून बोलके आहेत: पायताण वापरणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी वाढणाऱ्यांत 2.8 टक्के.

आता दुसरी बाजू. ज्याला दुखते तो दुकान गाठतो. मधुमेहाने ज्याचा पाय बधिर झाला आहे त्याला दुखतच नाही, म्हणून तो कुठेच जात नाही. बोटांच्या मागच्या हाडांखाली रोज तोच दाब पडून घट्टा जमतो, घट्ट्याखाली जखम होते आणि ती चिघळल्यावर घरच्यांच्या लक्षात येते. तळव्याला सगळीकडून टेकणारा मापाचा इनसोल तो दाब मोठ्या क्षेत्रावर वाटून देतो. नेदरलँड्समध्ये 2013 साली, आधी जखम होऊन बरी झालेल्या 171 मधुमेहींवर बुटातला दाब मोजून केलेल्या सुधारणांची चाचणी झाली. सरसकट पाहता फरक ठोस नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण दर शंभरातली किमान ऐंशी पावले तेच बूट घालून टाकणाऱ्यांत जखम पुन्हा होण्याचे प्रमाण 25.7 टक्के होते. सुधारणा न केलेले बूट तितक्याच नियमाने घालणाऱ्यांत ते 47.8 टक्के होते. वापराची मोजणी केली तेव्हा हे रुग्ण बाहेर 87 टक्के पावलांना बूट घालत होते, घरात 61 टक्केच.

डच घरात ही गत, तर चपला उंबऱ्याबाहेर काढणाऱ्या आपल्या घरात काय होणार? बुटात बसवलेला महागडा इनसोल इथे दिवसाचा मोठा भाग दाराशी पडून राहतो, मंदिराच्या तापल्या फरशीवर तर तो कामाचाच नाही. म्हणून बधिर पायासाठी मागच्या पट्ट्याची, मऊ तळाची एक वेगळी चप्पल फक्त घरात वापरायला लिहून दिली पाहिजे. ती नव्याने शोधायचीही गरज नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर जे काम केले, त्याच परंपरेतली एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराची चप्पल राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमातून मोफत दिली जाते. मऊ रबर आत, टणक तळ खाली, खिळा कुठेही नाही. ‘कुष्ठरोग्यांची चप्पल’ म्हणून लोक ती नाकारतील, ही भीती खरी आहे, पण ती रंग आणि नमुना बदलून कमी करता येते. खर्चाचा आक्षेपही येईल: आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीनुसार देशात मधुमेही 10.1 कोटी आहेत, एवढ्यांना चपला कोण देणार? एवढ्यांना द्यायच्याच नाहीत. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवला की कोणाला स्पर्श कळत नाही ते मिनिटा-दोन मिनिटांत समजते. तिशीवरच्यांची साखर सरकारी केंद्रांत तपासली जाते. ज्यांची ती वाढलेली निघते, त्यांना तिथेच पायातले काढायला सांगून हा तंतू लावावा, आणि चपलांची यादी त्यावरून करावी.