मुलाला आधी स्वतःचा ब्लॉग बांधू द्या

दिंडोशीत इन्फिनिटी आयटी पार्कच्या इमारती उभ्या आहेत आणि तिथून फार दूर नसलेल्या पठाणवाडी-कुरारच्या गल्ल्यांत आपले शिंपी, सुतार, वेल्डर राबत आहेत. त्यांची मुले प्रोग्रॅमिंग शिकू लागली, ही आनंदाची गोष्ट. मात्र फी भरणाऱ्या पालकांना आमचे सांगणे आहे की, प्रमाणपत्र पाहण्याआधी मुलाने काय बांधले ते विचारा.

शिंप्याचा शागीर्द आधी काजबटण आणि तुरपाई करतो. पण कापड बेतून अंगात बसेल असा कुर्ता शिवला, की मगच उस्ताद त्याला कारागीर मानतो. प्रोग्रॅमिंगमधला असा पहिला कुर्ता म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर स्वतः उभा केलेला ब्लॉग. वर्डप्रेस २००३ पासून फुकट मिळते, त्यावर तासाभरात काम होते. पण तो रेडिमेड माल झाला. शिकणाऱ्याने पहिली पाने एचटीएमएलमध्ये हातानेच लिहावीत. वडिलांच्या कामाचे फोटो, माप कसे घ्यावे, कोणते लाकूड कशाला, असा मजकूर घरातच आहे. दहा पानांवरचा फोन नंबर दहादा बदलावा लागला की मुलगा आपणहून पायथॉनचा छोटा प्रोग्रॅम लिहील. फाइली वाचून तारखेप्रमाणे पाने तयार करणारा! वर्गात न उमगलेला ‘लूप’ इथे समजतो. मराठीशेजारी उर्दू मजकूर टाकला, तर तो उजवीकडून सुरू होतो हे ब्राउझरला वेगळे सांगावे लागते, हेही कळते. सर्व्हर सुरू होताच अनोळखी यंत्रे त्याचे कुलूप चाचपू लागतात. त्यातून लिनक्सचा बंदोबस्त शिकता येतो.

गिऱ्हाईक लगेच येईल, असे मात्र समजू नये. आज ते व्हॉट्सॲपवरूनच जास्त येईल. पण जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली, तेव्हा तिथेच ज्यांनी आपला माल मांडला होता त्यांची पेढी रातोरात उठली. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केले, तेव्हाही लोकांची वर्षांची पाने गेली. स्वतःच्या ब्लॉगचा सर्व्हर बंद पडला, तर फाइली उचलून दुसरीकडे नेता येतात. पत्ता तोच राहतो.

त्यासाठी पत्त्याचे नाव कारखान्याच्या मालकाच्या नावेच नोंदवावे, वर्ग चालवणाऱ्याच्या नावे नव्हे. त्याचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. गाळ्याच्या भाड्यासारखी ती तारीखही वहीत लिहून ठेवावी.