समोर नसलेल्या विद्यार्थिनीसाठी

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची भाची अमेरिकेत एका ख्रिस्ती विद्यापीठात 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर' आहे. ती वर्गावर जात नाही, पेपर तपासत नाही. मग दिवसभर करते तरी काय, आणि चारचौघींत सांगायचं काय, असं त्यांनी विचारलंय. प्रश्न अगदी रास्त आहे.

मैत्रिणींनो, मी शाळेत अर्धवेळ शिकवते. शिकवताना मुलांचे चेहरे समोर असतात. कपाळाला आठी पडली की कळतं, गाडी अडली. मग दुसरं उदाहरण द्यायचं. ऑनलाइन अभ्यासक्रमात हा चेहराच नसतो. मुलांना झोपवून रात्री दहाला अभ्यासाला बसलेली एखादी बाई 'म्हणजे नक्की लिहायचं काय?' इथे अडली, तर त्या वेळी विचारणार कुणाला? तिची ही अडचण आधीच ओळखून धडा रचायचा, हे या भाचीचं काम. विषय प्राध्यापकांचा, मांडणी हिची.

मांडणीची सुरुवात शेवटापासून करतात. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८ साली ही उलट पद्धत पुस्तकरूपाने मांडली. शेवटी विद्यार्थिनीला काय करता आलं पाहिजे ते आधी ठरवायचं. ते आलं हे कशावरून ओळखायचं ते मग. आणि वाचन, व्हिडिओ, चर्चा सगळ्यात शेवटी. 'ताळेबंद समजेल' असं लिहून भागत नाही. समजलं हे दिसणार कसं? 'ताळेबंद वाचून दुकानावर देणं किती आहे ते सांगता येईल' असं लिहावं लागतं. पुष्कळसे अभ्यासक्रम आठच आठवड्यांचे असतात. एक आठवडा गोंधळात गेला, तर भरलेल्या फीचा आठवा हिस्सा गेलाच म्हणायचा!

आता 'ख्रिस्ती' या शब्दाविषयी. व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग इथलं लिबर्टी विद्यापीठ घ्या. जेरी फॉलवेल या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने ते १९७१ मध्ये काढलं. १९८५ पासून ते दूरच्या विद्यार्थ्यांना टपालाने व्हिडिओ कॅसेट पाठवू लागलं. आज तिथले बहुतेक विद्यार्थी ऑनलाइन शिकतात. अशा विद्यापीठांत हिशेबनीस असो वा नर्स, प्रत्येकीच्या विषयात श्रद्धेचा धागा असावा अशी अपेक्षा असते.

खरी कसोटी इथेच आहे. भाजीवर कोथिंबीर भुरभुरावी तसं धड्याच्या माथ्यावर बायबलचं एक वचन टाकलं की काम झालं, असं नाही. त्यापेक्षा हिशेबाच्या धड्यातच विचारावं : साहेब म्हणतात, यंदाचा तोटा पुढच्या वर्षात दाखवा, तुम्ही काय कराल? ख्रिस्ती शिकवणीतला सचोटीचा विचार इथे काय सांगतो? आता हा प्रश्न विषयातूनच उगवला. पण लिबर्टीत प्रवेश घ्यायला विद्यार्थी ख्रिस्तीच हवा अशी अट नाही. तेव्हा गुण कशाला, नीट विचार करण्याला की 'मी मानते' म्हणण्याला, हे गुणांच्या तक्त्यात स्वच्छ लिहिलेलं बरं. नाहीतर मनात एक आणि कागदावर एक, असं व्हायचं.

शिवाय बारीकसारीक कामं असतातच. ऐकू न येणाऱ्यांसाठी व्हिडिओखाली शब्द हवेत, न दिसणाऱ्यांसाठी चित्राचं वर्णन हवं. शिक्षकाने अधूनमधून विद्यार्थ्यांशी विषयावर बोलायलाच हवं, असा तिथल्या सरकारचा नियम आहे. नाहीतर तो नुसता पत्राद्वारे अभ्यासक्रम ठरतो आणि सरकारी मदतीवर परिणाम होऊ शकतो. ते बोलणं कुठे, कधी, हेही आधी बसवून ठेवावं लागतं.

एवढं करून अभ्यासक्रमावर नाव बहुधा प्राध्यापकांचं. सणाच्या दिवशी पंगत वेळेवर उठते, तेव्हा पहाटेपासूनची आखणी कुणाला आठवते? आपल्याला हे नवीन नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून (स्थापना १९८९) घरी राहून पदवी घेतलेल्या मैत्रिणींनाही ठाऊक असेल, नीट रचलेलं पुस्तक रात्री केवढी सोबत करतं.

तेव्हा ताई, खुशाल सांगा : आमची भाची धडे रचते, समोर नसलेल्या माणसाची शंका आधी ओळखते. आणि तुम्ही सगळ्याजणी एक करून पाहा. परगावी शिकणाऱ्या लेकीला पिठलं कसं करायचं ते कागदावर लिहून पाठवा. तिचा एकही फोन न येता पिठलं जमलं, तर या कामातलं मर्म तुम्हाला कळलं म्हणून समजा.