पिसे झडलेली कोंबडी विकण्याची घाई नको

भाद्रपद सरून आश्विन लागला की पेण व रोहे तालुक्यांतील गावोगावी एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. अंगणात हिंडणाऱ्या कोंबड्यांपैकी एखाददुसरी एकाएकी ओंगळ दिसू लागते. मान उघडी पडते, पाठीवर पिसांचे खुंट उभे राहतात, शेपूट नाहीसे होते, तांबडाबुंद तुरा आकसून फिकट पडतो आणि अंडी बंद होतात. मग घरधनीण म्हणते, "ही आता कामातून गेली." मोटारसायकलीला जाळी बांधून फिरणारा कोंबडीवाला दारात येतोच. पडेल त्या भावाने कोंबडी त्याच्या हवाली होते आणि खुराड्यात उरते ती अंगभर तुकतुकीत पिसे असलेली कोंबडी.

माझ्या मते हा व्यवहार बहुतेक वेळा उलटा होतो. विकली जाते ती कळपातील सर्वांत गुणी कोंबडी आणि राखली जाते ती आळशी. हे विधान काहींना धाडसाचे वाटेल; म्हणून त्याची कारणे येथे सविस्तर मांडीत आहे.

पिसे झडणे हा रोग नव्हे. पीस एकदा पूर्ण वाढले म्हणजे ते निर्जीव होते. केसाप्रमाणे ते मुळातून वाढत राहत नाही. ऊन, पाऊस व घर्षण यांनी ते झिजते आणि झिजलेले पीस दुरुस्त होत नाही. यास्तव निसर्गाने प्रत्येक पक्ष्यास जुनी पिसे टाकून नवी धारण करण्याची सोय दिली आहे. श्रावणात पिवळी टोपी मिरविणारा सुगरण पक्ष्याचा नर वीण संपताच ती टाकून मादीसारखा साधा होतो. मोर पावसाळ्याच्या अखेरीस आपला पिसारा गाळतो. रानबदकांची तर पंखांतील उड्डाणपिसे एकदमच गळतात व काही आठवडे त्यांना उडताही येत नाही. मोराने पिसारा टाकला म्हणून त्यास कोणी रोगी म्हणत नाही; कोंबडीला मात्र आपण लगेच म्हणतो.

आपल्या भागात ज्येष्ठ-आषाढात दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. मार्गशीर्ष-पौषात तो अकरा तासांवर येतो. उजेडाचे तास घटू लागले की कोंबडीच्या शरीरातील अंतःस्रावांचा समतोल बदलतो. अंडी घालण्यास चालना देणारे स्राव मंदावतात, अंडाशय विसावा घेते आणि पिसे बदलण्यास आरंभ होतो. प्रथम डोके व मान, नंतर छाती व पाठ, आणि पुढे पंख व शेपूट असा साधारण क्रम असतो. खुडूक बसून पिले काढलेली कोंबडीही पुष्कळदा यानंतर पिसे टाकते.

अंडी का थांबतात, याचा हिशेब साधा आहे. दीड किलो वजनाच्या गावठी कोंबडीच्या अंगावर सुमारे ७५ ते ९० ग्रॅम पिसे असतात आणि पीस म्हणजे जवळजवळ सर्व प्रथिनच. एवढे प्रथिन गावठी कोंबडीच्या डझनभर अंड्यांत असते. हा सारा माल अल्पावधीत उभा करावयाचा असता कोंबडीने अंडीही घालावीत, ही अपेक्षाच अयोग्य होय. या काळात ती रिकामी बसलेली नसून पुढील वर्षाची तयारी करीत असते.

आता मुख्य मुद्दा. सर्व कोंबड्या सारख्या रीतीने पिसे टाकीत नाहीत. आळशी कोंबडी आषाढ-श्रावणातच अंडी थांबवून पिसे टाकू लागते, तीही एकेक करून. त्यामुळे ती कधीच फारशी ओंगळ दिसत नाही. गुणी कोंबडी आश्विनापर्यंत अंडी देत राहते आणि मग भराभर, एकदमच पिसे टाकते. म्हणून ती उघडीवाघडी दिसते, आणि म्हणूनच ती विकली जाते.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. कोंबडीचा पंख हलक्या हाताने उघडून पाहावा. पंखाच्या मध्यावर एक आखूड पीस असते. त्याच्या बाहेरच्या अंगाला बहुधा दहा मोठी उड्डाणपिसे असतात. झड त्या आखूड पिसालगतच्या उड्डाणपिसापासून सुरू होऊन पंखाच्या टोकाकडे जाते. नवे पीस पूर्ण वाढण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. पिसे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक करून गळत असतील तर दहावे पीस अठराव्या आठवड्यात गळेल आणि पंख पुरा होण्यास चोवीस आठवडे जातील. याउलट तीन-चार कोवळी पिसे एकाच लांबीची दिसली तर ती एकदम गळली आहेत असे समजावे. अशी कोंबडी साधारणतः दहा-बारा आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. पहिली कोंबडी विकण्यास हरकत नाही, दुसरी राखावी.

मोठ्या पोल्ट्रीत हा हिशेब वेगळा असतो, हे मला मान्य आहे. तेथे प्रत्येक दाणा विकतचा असतो. यास्तव साधारण दीड वर्षाच्या सुमारास सर्व कळप काढून नवा भरणे त्यांना परवडते. परसातील कोंबडी मात्र आपले बरेचसे अन्न अंगणात, उकिरड्यावर व शेतात स्वतः शोधते. दोन-तीन महिने तिला पोसण्याचा खर्च अल्प आहे. पिसे बदलल्यानंतर तिची अंडी संख्येने पहिल्या वर्षापेक्षा काही कमी भरतात; परंतु ती आकाराने मोठी व कवचाने मजबूत असतात. शिवाय अंड्यावर नीट बसणारी, घारीपासून पिले राखणारी अनुभवी कोंबडी विकून तलंग विकत घेणे, हा कोणत्याही दृष्टीने तोट्याचाच सौदा होय.

आपल्या तालुक्यांत आणखी एक लाभ आहे. आश्विनाच्या मध्यास झडीला लागलेली गुणी कोंबडी पौषाच्या सुमारास पुन्हा अंडी देऊ लागते. त्याच वेळी भातानंतरच्या ओलीवर घेतलेल्या वालाला शेंगा धरतात आणि घरोघरी भांबुर्ड्याच्या पाल्यात पोपटीची मडकी लागतात. गावठी अंड्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही असा हा हंगाम. आणि नेमकी त्याआधी दोन महिने आपण अंडी देणारी कोंबडी विकून बसतो.

दुसरी चूक आहे ती खाद्याची. "अंडे नाही तर दाणा नाही" असे म्हणून पुष्कळ घरी या काळात मूठ आखडती घेतली जाते. वस्तुतः प्रथिनांची गरज याच वेळी अधिक असते. त्यातच शेतात भात उभे असल्यामुळे कोंबड्या कोंडून ठेवाव्या लागतात व किडे-कृमी त्यांना मिळत नाहीत. केवळ कणी व कोंडा यांवर पिसे उगवत नाहीत. पेण-रोह्याच्या बाजारात मिळणारा सुका जवळा, मासळी साफ करताना निघणारा टाकाऊ भाग शिजवून, वारुळातील वाळवी, किंवा थोडी शेंगदाण्याची पेंड रोजच्या दाण्यात मिसळावी. खारवलेली मासळी धुऊन, मीठ काढूनच द्यावी. पेंडीला बुरशी आली असेल तर ती मुळीच देऊ नये. आपल्या दमट हवेत हा धोका मोठा आहे. अंडी पुन्हा सुरू होताच खाडीतील शिंपल्यांचा चुरा पुढे ठेवावा. खुराड्यात कोरडे तूस पसरावे. उगवत्या पिसात रक्त असते व ते दुखते. म्हणून अशा कोंबडीस विनाकारण हाताळू नये.

काही मोठ्या पोल्ट्रीत संपूर्ण कळपाची पिसे एकदम झडावीत म्हणून कोंबड्यांना कित्येक दिवस उपाशी ठेवण्याची रीत होती. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार पाळलेल्या प्राण्यास पुरेसे अन्नपाणी न देणे हा गुन्हा आहे आणि भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ मध्ये उपासमारीच्या या पद्धतीस मनाई केली. जे मोठ्या पोल्ट्रीत अयोग्य ठरले, ते आपल्या अंगणात अजाणतेपणी घडू नये.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रत्येक पिसे गेलेली कोंबडी झडीतलीच असते असे नाही. गुदाभोवती पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके दिसले तर उवांचा उपद्रव समजावा. केवळ पाठ उघडी असेल तर ते कोंबड्याच्या नखांचे काम असू शकते. झडीतील कोंबडी थोडी मलूल असली तरी खाते-पिते आणि तिच्या कातडीत नव्या पिसांचे कोंब दिसतात. खाणे सुटणे, हिरवट हगवण, मान वाकडी होणे, तुरा निळा पडणे किंवा एकामागून एक कोंबड्या मरणे ही झडीची लक्षणे नव्हेत. अशा वेळी कोंबडी विकू नये, कापूही नये. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात उरण तालुक्यातील चिरनेर येथे बर्ड फ्लू आढळला होता, हे विसरता येत नाही.

शेवटी आम्हा विस्तार कार्यकर्त्यांविषयी. सुधारित जातीची पिले किती वाटली याचा तक्ता आम्ही नेटकेपणाने भरतो. परंतु ती पिले मोठी होऊन प्रथम पिसे टाकतात तेव्हा त्यांचे काय होते, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. घरची कोंबडी ही बहुधा घरच्या बाईची कमाई असते. वह्या-पुस्तकांचा आणि औषधपाण्याचा खर्च तीतून निघतो. तेव्हा हे ज्ञान सभेत पुरुषांपुढे भाषण करून पोचणार नाही. भाद्रपदात महिला बचत गटाच्या बैठकीस जावे, एक कोंबडी हाती घ्यावी आणि पंख उघडून दाखवावा. पाच मिनिटांचे काम आहे.

भगिनींनो, यंदा कोंबडीवाला दारात आला तर आधी पंख उघडून पाहा आणि मगच सौदा करा.