वॉल्व्ह फिरेना म्हणून चाकात पाईप घालू नका



गहू ओंबीवर आलेला, लाईट रात्रीची. खालच्या रानाचा चार इंची गेट वॉल्व्ह काही हलेना. चाकात तीन फुटी पाईप घातला, दोघांनी जोर लावला आणि स्पिंडल तुटला. अख्खी लाईन रिकामी करावी लागली, पाण्याची पाळी गेली ती गेलीच. वॉल्व्ह हलका दिला म्हणून दुकानदाराला शिव्या घालून झाल्या. मग खोलून बघितला, तर चूक माझीच निघाली.

ग्लँडमधून थेंब थेंब गळतंय म्हणून मीच मागे नट आवळले होते, तेही एका बाजूचा जास्त. आतली दोरी लाकडासारखी कडक होऊन स्पिंडलला आवळून बसली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. चाक जड झालं की जोर वाढवायचा नाही, आधी कारण शोधायचं.

पहिलं कारण दाब. आमची लाईन नदीवरून ८० मीटर उंच माळावर जाते. १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब, म्हणजे खालच्या वॉल्व्हवर ८ किलो. चार इंची झडपेचं क्षेत्रफळ जवळपास ७८ चौरस सेंटीमीटर. म्हणजे पलीकडची लाईन रिकामी असेल तर झडप सव्वासहाशे किलोनं सीटवर दाबलेली असते! आणि मोटर बंद केली तरी हा दाब जात नाही, कारण वर पाणी उभंच असतं. इथंच आपण फसतो.

म्हणून दाब उतरवून चाक फिरवून बघा. हलकं झालं, तर दोष दाबाचा. तसंच जड राहिलं, तर ग्लँडचे नट पाव-पाव आटा सैल करा. आता हलकं झालं, तर दोरी बदला आणि नट आळीपाळीनं सारखे आवळा, गळती थांबेल एवढेच. लाईनमध्ये दाब असताना मात्र ग्लँड कधीच खोलू नका.

तरीही जड असेल तर स्पिंडल वाकलाय का, आट्यांवर क्षार बसलेत का, ते बघा. स्पिंडल वर येणारा असेल तर आटे घासून ग्रीस लावा. वर न येणाऱ्याचे आटे आत पाण्यात असतात, त्याला खोलण्याशिवाय इलाज नाही. बंद करताना शेवटी अडत असेल तर खाली गाळ असतो. थोडा उघडून पाण्याच्या धारेनं गाळ जाऊ द्या, मग बंद करा.

जोरानं उघडण्यात आणखी एक धोका आहे. अडकलेली झडप एकदम सुटली की रिकाम्या पाईपात पाण्याचा दणका बसतो आणि पीव्हीसीचे जॉइंट निखळतात.

लाईन टाकणाऱ्यांनी जास्त दाबाच्या वॉल्व्हला पाऊण इंची बायपास द्यायलाच हवा, असं मला वाटतं. पलीकडचे कॉक बंद ठेवून बायपासनं आधी लाईन भरली, की दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि चाक एका हातानं फिरतं. खर्च एका छोट्या कॉकचा आणि चार फिटिंगचा. आपण मात्र लाखाची लाईन टाकतो आणि इथं हात आखडतो.

आणि महिन्यातून एकदा प्रत्येक वॉल्व्ह पूर्ण उघडून-बंद करून बघा. पाळीच्या रात्री कळण्यापेक्षा दिवसाउजेडी कळलेलं बरं.